मुंगीला पंख फुटले, आणि घरात वाद सुरू झाला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, पोखरण रोडच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. घरात त्या, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. पहिला मोठा पाऊस पडून गेला त्या संध्याकाळी हॉलमध्ये शेकडो पंखवाल्या मुंग्या शिरल्या. बहुतेक तपकिरी, लांबट पंखांच्या; दोन-चार मोठ्या काळ्या, बारीक कंबरेच्या. ताईंनी घाबरून स्प्रेचा अख्खा डबा रिकामा केला. सकाळी बाल्कनीत पंखांचा सडा पडला होता. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी पुढच्या गुरुवारी आहे. ‘मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं’ असं म्हणत सासूबाईंनी हा अपशकुन मानला आणि तारीख पुढे ढकला म्हणून हट्ट धरला. पेस्ट कंट्रोलवाला ‘भिंतीत वाळवी आहे’ असं सांगून चोवीस हजारांचं कोटेशन देऊन गेला. आजच सही केली तर सवलत. कंपाउंडच्या टोकाला जांभळाखाली एक वारूळ आहे, ते जेसीबीने काढायचा ठराव रविवारच्या सभेत येणार आहे. त्याच वारुळाची सासूबाई नागपंचमीला पूजा करतात. आणि मुलगा विचारतोय, कालपर्यंत मुंग्यांना पंख नव्हते, मग एका दिवसात कुठून आले? ताईंचा प्रश्न: मी कुणाचं ऐकू?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात चार गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, पण तातडीची एकच आहे. ती आधी बोलते. गुरुवारची तारीख हलवू नका. अँजिओप्लास्टी कधी करायची हे डॉक्टरांनी सासऱ्यांचं हृदय तपासून ठरवलंय. बदल करायचाच झाला तर तोही त्यांनीच, तपासून करायचा. सासूबाईंशी मात्र या विषयावर वाद घालू नका. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला ऑपरेशनच्या टेबलावर पाठवायची वेळ आली आहे. त्यांना भीती त्याची वाटतेय, मुंग्यांची नाही. ‘ही अंधश्रद्धा आहे’ म्हणालात तर त्या गप्प बसतील आणि रात्रभर जाग्या राहतील. त्यापेक्षा त्या म्हणीकडेच जरा नीट बघू. त्यासाठी तुमच्या मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल, कारण घरातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यानेच विचारलाय.

त्याला सांगा, एका दिवसात कुणालाच पंख फुटले नाहीत. साखरेच्या डब्याभोवती आपण ज्या मुंग्या बघतो त्या सगळ्या कामकरी असतात, सगळ्या माद्या असतात, आणि त्यांना पंख कधीच येत नाहीत, म्हातारपणी नाही आणि मरतानाही नाही. पंखवाल्या मुंग्या वेगळ्याच. त्या कोषातून बाहेर पडतात त्याच मुळी पंख घेऊन. त्या म्हणजे उद्याच्या राण्या आणि त्यांच्याबरोबरचे नर. एकाच आईच्या अंड्यांतून एक मुलगी राणी होते आणि दुसरी कामकरी, हे बहुतेक जातींमध्ये अळी असताना तिला किती आणि कसं खायला मिळालं यावर ठरतं. मला यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते. पंखांचा आराखडा कामकरी मुंगीच्या अंगातही असतो, तो वाढीच्या मधल्या एका टप्प्यावर थांबवला जातो. एहाब अबूहैफ आणि ग्रेगरी रे या दोन शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिलं, की वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांमध्ये हा आराखडा वेगवेगळ्या ठिकाणी तोडलेला असतो. नरांची गोष्ट आणखी वेगळी. ते फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतात, म्हणजे नर मुंगीला बाप नसतो, पण आजोबा असतो. हे मुलाला सांगून बघा, कागदावर वंशावळ काढत बसेल.

हे पंखवाले तयार झाल्या झाल्या उडत नाहीत. दिवसच्या दिवस, कधी आठवडेही, घरट्यात वाट बघत बसतात. कामकरी त्यांना भरवतात आणि बाहेरही पडू देत नाहीत. मग एखाद्या दिवशी पाऊस पडून जातो, हवा दमट आणि उबदार होते, वारा पडतो, माती भिजून मऊ होते. त्या दिवशी कामकरीच वाटा मोकळ्या करतात. दमट हवेत एवढासा जीव सुकत नाही, आणि मऊ माती नव्या राणीला उकरता येते. आसपासच्या सगळ्या घरट्यांना ही खूण एकाच वेळी मिळते, म्हणून सगळे एकाच संध्याकाळी निघतात. त्यामुळे जोडीदार दुसऱ्या घरट्यातला मिळायची शक्यता वाढते. शिवाय पाली, बेडूक, कावळे, कोतवाल या सगळ्यांनी पोटभर खाल्लं तरी थोडे उरतात. ब्रिटनमध्ये जुलै २०२० मध्ये असे थवे इतके दाट होते की तिथल्या हवामान खात्याच्या रडारवर ते पावसासारखे दिसले. आपल्याकडे मोसमी पाऊस मुंबईत पोचायची सरासरी तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच आला. या जिवांना तारखेशी देणंघेणं नाही, त्यांना भिजलेली माती कळते.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत मला हलवायचं आहे. तुमच्या हॉलमध्ये आलेल्यांपैकी बहुतेक मुंग्या नव्हत्याच. तपकिरी अंग, अंगापेक्षा लांब पंख आणि सकाळी पंखांचा सडा, हे वर्णन वाळवीचं आहे. नात्याने बघाल तर वाळवी झुरळांच्या कुळातली आणि मुंगी गांधीलमाशीच्या. दोघींचं जमिनीखालचं जगणं मात्र सारखं, आणि पंख फुटले की आपण दोघींनाही मुंग्याच म्हणतो. वाळवीचे चारही पंख एका मापाचे, कंबर सरळ, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान, कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी, मिशा कोपरात वाकलेल्या. त्या दोन-चार मोठ्या काळ्या, बारीक कंबरेच्या होत्या ना, त्या खऱ्या मुंग्या. बहुधा मुंगळ्यांच्या राण्या.

गेल्या जूनमध्ये अशाच एका संध्याकाळी मी दिवा घालवून मोबाइलच्या उजेडात फरशीवर बसून राहिले होते. उडायचं थांबल्यावर वाळवी अंग जरासं झटकते आणि पंख मुळाशी ठरलेल्या रेघेवर तुटून पडतात. दुखल्याची काही खूण नाही, अंगावरची ओली शाल टाकावी तसे. मग मादी पुढे चालू लागते आणि नर तिच्या पाठीला मिशा टेकवून मागोमाग. ती वळली की तो वळतो, ती थांबली की तो थांबतो. माझ्या पायाजवळून अशा पाच-सहा जोड्या स्कर्टिंगच्या कडेने माती शोधत गेल्या. फरशीवर माती कुठून मिळणार? सकाळी सगळ्या मेलेल्या होत्या.

म्हणून सासूबाईंची म्हण अर्धी खरी आहे, आणि ती अर्धी खरी आहे हे तुम्ही आधी कबूल करा. पंख फुटलेल्यांतले बहुतेक त्याच रात्री मरतात. मुंग्यांचे नर तर मीलनानंतर काही दिवसांतच. पण ज्या वाचतात त्यांचं काय होतं, हे म्हण सांगत नाही. मुंगीची राणी खाली उतरते, स्वतःच्या पायांनी स्वतःचे पंख काढून टाकते, मातीत एक खोली खणते आणि दार बुजवून घेते. उडायचे स्नायू आता कामाचे नाहीत. ते अंगातच विरघळतात आणि त्या बळावर, काही न खाता, ती पहिली पिल्लं वाढवते. पुढे आयुष्यभर अंडी घालते, त्या एका उड्डाणात मिळालेल्या बीजावर. माणसाने पाळलेली युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी जवळजवळ २९ वर्षं जगली. वाळवीमध्ये तर नरही मरत नाही, राजा-राणी एकाच खोलीत वर्षानुवर्षं राहतात. सासूबाईंना हे निवांतपणे, चहा घेताना सांगा: पंख फुटतात ते घर मांडायला निघताना, आणि घर मांडलं की पंख टाकून देतात. हे ऐकून त्यांची भीती लगेच जाईल असं नाही. पण गुरुवारी सकाळी देवापुढे दिवा लावून, सासऱ्यांच्या कपाळाला अंगारा लावून निघायचं आहे, असं त्यांना आत्ताच सांगून ठेवा. हॉस्पिटलची फाइल सांभाळायचं काम त्यांच्याकडेच द्या. हातात काही असलं की माणूस शकुन कमी शोधतो.

आता त्या कोटेशनकडे. सही करायच्या आधी तुम्ही स्वतःला एकच विचारायचं आहे: त्या आल्या कुठून? खिडकीतून, बाल्कनीतून, ट्यूबलाइटकडे झेपावत आल्या असतील, तर त्या बाहेरच्या आहेत. येऊरचा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू. तिथल्या मातीत किती घरटी असतील, कोण मोजणार! उडणारे किडे रात्री पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात, एरवी तो उजेड म्हणजे आकाश. तुमची ट्यूबलाइट त्यांचं आकाश होऊन बसली आणि ते तिथेच गरागरा फिरत राहिले. अशा पाहुण्यांना तुमच्या कपाटात रस नाही. त्यांना ओली माती हवी असते, ती मिळाली नाही की संपतात.

पण दाराच्या चौकटीतून, स्कर्टिंगच्या फटीतून किंवा खिडकी बंद असलेल्या खोलीतल्या भिंतीतून निघाल्या असतील, तर पेस्ट कंट्रोलवाला खरं बोलतोय. हे दिवसाउजेडी स्वतः बघा. बाथरूमला लागून असलेल्या भिंती, सिंकखालचं कपाट, मीटरची पेटी, दारांच्या चौकटींचे पाय. पेन्सिलीच्या जाडीच्या मातीच्या रेघा भिंतीवरून चढताना दिसतात का? चौकटीवर बोटाने ठोकलं तर आवाज पोकळ येतो का? मातीची रेघ सापडली तर मधेच इंचभर खरवडा आणि चार-पाच दिवसांनी बघा. पुन्हा लिंपलेली असेल तर आत वर्दळ आहे. लाकडी फर्निचरखाली खसखशीसारखे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडात राहणारी वेगळी वाळवी. तिला माती लागत नाही आणि तिचा इलाजही वेगळा.

हे इतक्या कळकळीने लिहितेय, कारण मी स्वतः यात पोळले आहे. अशाच एका पहिल्या पावसानंतर घाबरून मी दुसऱ्याच दिवशी सही केली. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात फवारणी झाली, आठवडाभर घराला वास येत राहिला. दिवाळीच्या साफसफाईत बाथरूमच्या भिंतीला टेकून ठेवलेलं पुस्तकांचं कपाट हलवलं, तर वडिलांचा जाडजूड शब्दकोश हातात कागदी पेटीसारखा हलका लागला. कव्हर शाबूत, आत माती. मागचा पाइप वर्षभर पाझरत होता, तिकडे ना मी बघितलं होतं ना फवारणाऱ्याने. एवढं झालं तरी त्या संध्याकाळी उडून आलेल्यांचा त्या शब्दकोशाशी काही संबंध नव्हता.

‘आजच सही करा’ याला बधू नका. वाळवी चार दिवसांत घर पाडत नाही. दोन-तीन जणांकडून कोटेशन घ्या आणि प्रत्येकाला विचारा: तुम्हाला वाळवी कुठे दिसली, मला हात लावून दाखवा. औषध कोणतं, किती प्रमाणात, कुठे भोकं पाडून सोडणार, हमी किती वर्षांची, हे लिहून मागा. आधी बांधलेल्या इमारतींतल्या वाळवीच्या उपचारासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. त्याप्रमाणे काम करणार का, हेही विचारा. ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी चिडत नाही. आणखी एक. मातीतली वाळवी जमिनीतून वर चढते. तुमच्या भिंतीत ती खरंच सापडली, तर एकट्या पहिल्या मजल्यावर चोवीस हजार ओतून भागणार नाही. तळमजला, डक्ट, पाया असं सगळं बघावं लागेल. म्हणजे तो खर्च तुमचा एकटीचा नाही, सोसायटीचा विषय आहे. रविवारच्या सभेत जेसीबीआधी हा मुद्दा मांडा.

आणि स्प्रे. झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नका. पण पुन्हा मारू नका, निदान सासरे घरी असताना तरी नकोच. दारंखिडक्या लावलेल्या खोलीत हृदयाच्या पेशंटला आणि लहान मुलाला तो वास त्या किड्यांपेक्षा जास्त त्रास देईल. ते चावत नाहीत, अन्नात घर करत नाहीत, तासाभराचा खेळ असतो. आमच्या चरईतल्या चाळीत आजी काय करायची सांगते. पाऊस थांबला आणि पहिलं पाखरू दिव्यावर आपटलं की ती घरातला दिवा घालवायची आणि गॅलरीत कंदिलाखाली पाण्याने भरलेली परात ठेवायची. सगळी झुंड तिकडे. आम्ही पोरं अंधारात पाटावर बसून भात खायचो. परात ठेवायलाच हवी असं मी म्हणणार नाही, मला ते बुडणारे जीव बघवत नाहीत. अर्धा-पाऊण तास घरातले दिवे घालवले, खिडक्या लावल्या, तरी पुरतं. बाल्कनीतला पांढरा एलईडी काढून पिवळट उजेडाचा लावा, त्याकडे किडे कमी येतात. खिडक्यांना बारीक जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी. सकाळी पंख झाडण्याआधी पंखा बंद करा आणि ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर घरभर उडतील.

राहिलं वारूळ. कमिटीतल्यांची काळजी मला कळते. पण नुसती जेसीबी लावून हे काम होणार नाही. आपल्याला दिसतं ते घराचं छप्पर. राजा-राणीची खोली जमिनीच्या पातळीच्या आसपास किंवा खाली असते. वरचं पाडलं आणि राणी राहिली, की कामकरी पुन्हा बांधायला घेतात. वारूळ पाडलं म्हणून पुढच्या जूनमध्ये पाखरं येणार नाहीत असंही नाही, समोर अख्खा डोंगर आहे. तुम्ही लिहिलंय की ते इमारतीपासून पार्किंग ओलांडून पलीकडे, कुंपणापाशी आहे. तिथे वाळवी वाळका पाला, मेलेल्या फांद्या खाते, त्यावर आत बुरशीची शेती करते आणि ती बुरशी खाऊन जगते. पावसाळ्यात आदिवासी बायका पानात बांधून अळंबी विकायला आणतात, त्यातली काही याच शेतीतून वर आलेली असते. इमारतीला चिकटून असतं तर मी काढा म्हणाले असते, तेही माहीतगार माणसाकडून मुळापर्यंत. इतक्या लांब असताना, रोग सोडून भलत्याच जागी औषध लावल्यासारखं होईल. उलट कमिटीला हे सुचवा: इमारतीच्या भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाट्या, प्लायवूड, झाडांच्या छाटलेल्या फांद्या हलवा, गळके पाइप दुरुस्त करा, मातीचा ढीग भिंतीपासून दूर ठेवा, आणि पावसाआधी व नंतर तळमजल्याच्या चौकटी तपासा. यात जेसीबीपेक्षा कमी पैसे जातील.

सापाची भीती कुणी काढेलच. वारूळ बांधते वाळवी, नाग नंतर येतो. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण उगीच नाही पडली. प्रत्येक वारुळात साप असतोच असं नाही, पण असलाच, तर ऐन पावसात जेसीबी घालून त्याला पार्किंगमध्ये पाठवणं हा सगळ्यात वाईट उपाय. दिसला तर लांब राहायचं आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. सासूबाई वारुळावर दूध ओतत असतील तर मात्र थांबवा, साप दूध पीत नाही. हळद-कुंकू, लाह्या, फुलं लांबून वाहावीत. नागपंचमीला जमीन खणायची नाही, काही चिरायचं नाही, ही रीत त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळली. सभेत त्यांना दोन शब्द बोलू द्या. तुम्ही वाळवीचं सांगा, त्या रीतीचं सांगतील. तुमचं मत वारूळ ठेवायच्या बाजूने द्यावं असं मला वाटतं, आणि चौकट तपासून काही सापडलं तर तेही त्याच सभेत लपवू नका.

मुलाने बाल्कनीतले काही पंख पेन्सिलच्या डबीत जपून ठेवलेत असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. ते फेकायला लावू नका. त्याला पट्टी द्या आणि मोजायला सांगा, सगळे एका मापाचे आहेत का. एखादी जोडी लहान-मोठी निघाली तर ती मुंगळ्याच्या राणीची असू शकते, तेवढी वेगळी ठेवायला सांगा. गुरुवारी सगळं नीट पार पडलं की मला दोन ओळी लिहा, आणि त्याची मापंही पाठवा.